नायगावची अंगूरी : एक भूमिका, दोन मराठी अभिनेत्री

कानपूरची 'मॉडर्न कॉलनी' वसई तालुक्यातल्या नायगावात उभी राहिली. 'भाबीजी घर पर हैं' या हिंदी विनोदी मालिकेतली तिवारी आणि मिश्रा यांची शेजारशेजारची घरं, नाक्यावर रेंगाळणारी टीका-मलखान ही रिकामटेकडी पोरं, लाचखाऊ दरोगा हप्पू सिंगची चौकी हे सगळं गंगेच्या नाही, वसईच्या खाडीच्या काठी वसलं. २ मार्च २०१५ रोजी 'अँड टीव्ही' ही वाहिनी सुरू झाली आणि त्याच दिवशी ही मालिकाही. पुढच्या दशकभरात तिचे दोन हजारांहून अधिक भाग झाले. या मालिकेचा प्राण म्हणजे अंगूरी तिवारी. डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, नवऱ्याला 'लड्डू के भैया' म्हणणारी, इंग्रजी शब्दांची मोडतोड करणारी आणि कुणी तो शब्द दुरुस्त केला की 'सही पकड़े हैं' म्हणून त्याचीच पाठ थोपटणारी.

ही कानपुरी सून घडवली शिल्पा शिंदेनं आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं सांभाळली शुभांगी अत्रेनं. एक मुंबईची मराठी मुलगी, दुसरी इंदूरच्या मराठी घरातली. मध्यंतरी शेजारच्या घरातली अनिता भाभीही मराठी होती, नेहा पेंडसे. म्हणजे काही काळ मॉडर्न कॉलनीच्या दोन्ही घरांच्या मालकिणी मराठी होत्या. उत्तर हिंदुस्थानातल्या घराघरांत लाडक्या झालेल्या या बायकांची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. काम हिंदीतलं म्हणून मराठी समीक्षक तिकडे फिरकले नाहीत, मालिका म्हणून नाटकवाल्यांनी नाकं मुरडली आणि विनोद म्हणून कुणीच ते गंभीरपणे घेतलं नाही. विनोदी मालिकेतली भूमिका कागदावर लेखकाची आणि करारात निर्मात्याची असली, तरी ती जिवंत होते अभिनेत्रीच्या अंगमेहनतीतून. ही मेहनत काय असते आणि तिचा मोबदला काय मिळतो, हे अंगूरीच्या निमित्तानं नीट पाहायला हवं.

पत्र्याखालचं कानपूर

पश्चिम रेल्वेवर भाईंदर सोडलं की गाडी खाडीपुलावर येते. मधे पाणजू बेट लागतं आणि पलीकडे नायगाव. स्टेशनच्या आजूबाजूला मिठागरं आणि खाजण. पूर्वेला महामार्गाच्या दिशेनं निघालं की जूचंद्र लागतं. टेकडीवरच्या चंडिका देवीचं आणि घरोघरी रांगोळीचे कलाकार असलेलं हे आगरी गाव. त्यापुढे बापाणे, कामण, चिंचोटी, सातिवली, वालीव. हा सगळा पट्टा मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून आहे. इथे औद्योगिक गाळे आले, गोदामं आली आणि मग त्यांच्या शेजारी चित्रीकरणाचे स्टुडिओ आले.

ते इथेच का आले, याचं उत्तर जमिनीत आहे. गोरेगावची चित्रनगरी भरलेली आणि महाग. मढ, मालाड, कांदिवली, मीरा रोड इथली जागा इमारतींनी खाल्ली. रोज चालणाऱ्या मालिकेला मात्र कायमचा सेट लागतो. दोन घरं, एक गल्ली, एक पोलीस चौकी वर्षानुवर्षं उभी ठेवायची तर ऐसपैस जागा हवी आणि भाडं परवडायला हवं. नायगाव-वालीव पट्ट्यात दोन्ही मिळालं. विनोदी मालिका आल्या, पौराणिक आल्या, जादूच्या आल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही महिन्यांतच मॉडर्न कॉलनी टीव्हीवर आली. पालघरच्या ओळखीत चिकू, तारापूर, वारली चित्रं असतात. त्यात मालिकांच्या या गावाची भर घालायला हरकत नाही.

स्टुडिओ म्हणजे झगमगाट अशी कल्पना करून इथे आलेला माणूस हिरमुसतो. बाहेरून पाहिलं तर उंच पत्र्याची शेड. बाहेर जनरेटर, केबलींची भेंडोळी, व्हॅनिटी व्हॅन, चहाची किटली घेऊन फिरणारे स्पॉटदादा. आत मात्र दर्शनी भागाला कानपूर आणि पाठीमागे प्लायवूड. मे महिन्यात पत्रा तापतो. दिव्यांची धग त्यात मिसळते आणि जरीची साडी, केसांचा संभार, भरगच्च दागिने अशा वेशात नायिकेला ताजंतवानं दिसायचं असतं. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की आवाज ध्वनिमुद्रणात उतरतो आणि काम खोळंबतं. मुंबईहून येणारे कलाकार दहिसर टोलनाका, काशीमिरा, फाउंटन हॉटेल आणि वर्सोवा पूल असा रस्ता कापत येतात. या रस्त्यावरची कोंडी वसईकरांना नवी नाही. तिच्यात अडकलेला तासदीड तास कुठल्याही शिफ्टमध्ये मोजला जात नाही.

अंगूरी ज्या ढंगात बोलते, ती उत्तरेकडची बोली या परिसराला परकी नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. नालासोपारा आणि विरारच्या इमारतींमध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या घरांतली बोली काही किलोमीटरवरच्या शेडमध्ये मराठी अभिनेत्रीच्या तोंडून रेकॉर्ड व्हायची आणि रात्री साडेदहाला त्यांच्याच टीव्हीवर परत यायची. वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी आणि आदिवासी बोली ऐकत वाढलेल्या वसईला एकाच गावात अनेक भाषा नांदण्याची सवय जुनी आहे.

कोकीपासून अंगूरीपर्यंत

अंगूरी आभाळातून पडली नाही. तिच्या घराण्यात मराठी बायका आधीपासून आहेत. 'भाबीजी'ची मूळ कल्पना ज्या मालिकेवरून सुचली ती १९९४ची 'श्रीमान श्रीमती'. शेजारी शेजारी दोन जोडपी आणि प्रत्येक नवऱ्याचा डोळा दुसऱ्याच्या बायकोवर. ती मालिका लिहिली 'आई रिटायर होतेय'चे नाटककार अशोक पाटोळे यांनी आणि दिग्दर्शित केली राजन वाघधरे यांनी. केशव कुलकर्णी झाले जतीन कनाकिया, त्यांची बायको कोकी झाल्या रीमा लागू आणि शेजारची अभिनेत्री प्रेमा शालिनी झाल्या अर्चना पूरण सिंग. लेखक मराठी, दिग्दर्शक मराठी, कोकी मराठी आणि कुटुंबही कुलकर्ण्यांचं. हिंदी विनोदी मालिकेचा हा पाया किती मराठी होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही.

रीमाताईंनी त्याच सुमारास 'तू तू मैं मैं'मध्ये सासू देवकी उभी केली. सुनेच्या, राधाच्या भूमिकेत सुप्रिया पिळगावकर आणि दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सासू-सुनेचं भांडण हा तसा मळलेला विषय. पण या दोघींनी ते भांडण बरोबरीच्या खेळाडूंसारखं खेळलं. दोघींपैकी कुणी बिचारी नव्हती आणि कुणी खलनायिकाही नव्हती. मराठी रंगभूमीवर 'पुरुष'सारखं नाटक केलेली बाई टीव्हीवर विनोद करताना तेवढीच शिस्त पाळत होती. १८ मे २०१७ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी रीमाताई गेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या 'नामकरण' या मालिकेचं चित्रीकरण करत होत्या.

त्यांच्याही आधी, १९८८ साली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली 'वागले की दुनिया' दूरदर्शनवर आली. तिच्यातल्या राधिका वागले झाल्या भारती आचरेकर. २०२१ मध्ये ही मालिका नव्या रूपात परतली तेव्हा आजीच्या वयात पोचलेल्या राधिकेला पुन्हा त्यांनीच रंगवलं. आपल्या मराठीत 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधली शुभांगी गोखले यांची श्यामल आहे, निर्मिती सावंत यांची गंगूबाई आहे. 'तारक मेहता'च्या गोकुळधाममध्ये २००८पासून सोनालिका जोशी यांची माधवी भिडे आहे. या बायकांना एकत्र मांडलं की एक ठळक परंपरा दिसते. अंगूरी या रांगेतली आहे.

अंगूरीच्या आधीची सोळा वर्षं

शिल्पा शिंदेचा जन्म १९७७ सालचा, मुंबईतला. वडील न्यायाधीश होते. मुलीनं वकिली करावी असं त्यांना वाटायचं. मुलगी मानसशास्त्राकडे वळली आणि तिथून १९९९च्या सुमारास टीव्हीकडे. त्या काळात मालिकांच्या दुनियेत रडणाऱ्या सुना आणि कारस्थानी नणंदा यांचं राज्य सुरू होत होतं. शिल्पानं दोन्ही प्रकारचं काम केलं. 'भाभी' या स्टार प्लसवरच्या मालिकेत ती खलनायकी छटेची भूमिका करत होती. दूरदर्शनवर 'आम्रपाली' आणि 'मेहर' या मालिकांत ती नायिका होती. पुढे 'मायका' आली. यातलं एकही काम विनोदी नव्हतं.

विनोदाचं दार उघडलं ते 'सब टीव्ही'वर. अश्विनी धीर यांच्या 'लापतागंज'नं छोट्या गावातला, सौम्य, माणसांच्या स्वभावातून येणारा विनोद टीव्हीवर आणला. २०११ मध्ये त्यांचीच 'चिडिया घर' सुरू झाली. एका मध्यमवर्गीय नारायण कुटुंबाच्या या गोष्टीत शिल्पा मोठी सून कोयल झाली. शांत, समजूतदार, सगळ्यांच्या वेडेपणाला जागेवर ठेवणारी. विनोदी मालिकेत अशा भूमिकेला हशा कमी मिळतो आणि काम जास्त असतं, कारण दुसऱ्याचा हशा पडू द्यायचा असतो. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत चेहरा कोरा कसा ठेवायचा, प्रतिक्रिया किती क्षण लांबवायची, हे शिल्पा तिथे शिकली असावी. अंगूरीमध्ये याच गोष्टी तिच्या कामी आल्या.

अंगूरीच्या वेळी ती सदतीस वर्षांची होती. टीव्हीवरच्या नायिकेला हे वय उलट्या गणतीचं मानलं जातं. त्या वयात तिला आयुष्यातली सगळ्यात गाजलेली भूमिका मिळाली.

'सही पकड़े हैं' : एक प्रसंग जवळून

अंगूरीचा ठरलेला प्रसंग असा. शेजारचे विभूती नारायण मिश्रा, म्हणजे आसिफ शेख, काहीतरी निमित्त काढून अंगणात येतात. अंगूरी काहीतरी सांगू लागते आणि मधेच एखादा इंग्रजी शब्द चुकवते. त्या चुकीच्या उच्चारातून भलताच, बहुधा थोडा चावट अर्थ निघतो. विभूती दचकतात आणि बरोबर शब्द सांगतात. अंगूरी मान किंचित तिरकी करते, ओठ मुडपून हसते आणि म्हणते, 'सही पकड़े हैं.'

लेखक मनोज संतोषी यांचा हा विनोद. कागदावर वाचला तर चौथ्या भागात कंटाळा येईल. पडद्यावर तो वर्षानुवर्षं चालला, कारण त्यातला सगळ्यात अवघड भाग अभिनेत्रीनं पेलला. चुकीचा शब्द बोलताना त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिला ठाऊक आहे असा पुसटसाही संशय प्रेक्षकाला येऊ द्यायचा नाही. डोळ्यांत मिश्कीलपणा दिसला की अंगूरी खलास आणि विनोदाचा नुसता चावटपणा उरतो. शिल्पानं डोळे स्वच्छ ठेवले. शब्द चुकवताना ती अडखळत नसे. पूर्ण आत्मविश्वासानं, शिकवण्याच्या सुरात चुकवायची. आणि दुरुस्ती झाल्यावर ओशाळायचीही नाही. आपण चुकलो असं तिला वाटतच नाही. समोरच्यानं बरोबर पकडलं याचं तिला कौतुक वाटतं.

यातून भूमिकेला एक वेगळंच बळ मिळालं. मालिकेचा मूळ आराखडा परस्त्रीवर डोळा ठेवणाऱ्या नवऱ्यांचा आहे आणि त्यावर आक्षेप घ्यायला जागा आहे. द्व्यर्थी संवादांवर तर अनेकांनी टीका केली, ती रास्तही आहे. पण अंगूरीचा भोळेपणा दोन्ही पुरुषांना सतत निष्प्रभ करतो. ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो हास्यास्पद ठरतो, ती ठरत नाही. लेखनातल्या उणिवेवर अभिनयानं केलेली ही मात आहे.

भाषेचं कामही सोपं नव्हतं. हिंदी बोलणाऱ्या मराठी माणसाचा हेल लपत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. शिल्पाला साधी हिंदी बोलायची नव्हती. भोजपुरी आणि कानपुरी ढंगाची सरमिसळ असलेली, शेवटचा स्वर ओढणारी, लाडिक बोली बोलायची होती. तीही रोज, आयत्या वेळी हातात पडलेल्या पानांवरून. आठवड्याला पाच भाग जाणाऱ्या मालिकेत तालमीला वेळ नसतो. सकाळी मेकअपच्या खुर्चीत संवाद हातात येतात, दिग्दर्शक शशांक बाली जागा समजावतात, एक तालीम आणि मग टेक. अशा घाईत हजारो वाक्यं एकाच सुरात, एकाच वजनानं म्हणायची आणि शंभराव्या वेळीही पहिल्यांदा सुचल्यासारखी म्हणायची. आजचा प्रयोग उद्या सुधारण्याची नाटकातल्या नटाला मिळणारी संधी इथे नाही. टेक ओके झाला की तो कायमचा.

वर्षभरात ती गेली

मार्च २०१६ मध्ये, मालिका ऐन भरात असताना शिल्पा बाहेर पडली. तिनं निर्मात्यांकडून मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. निर्मात्यांनी आरोप फेटाळले आणि करारभंगाचा मुद्दा मांडला. नोटिसा निघाल्या, कलाकारांच्या संघटनेपर्यंत प्रकरण गेलं, वृत्तवाहिन्यांनी ते कैक दिवस चघळलं. कोण किती बरोबर होतं याचा निवाडा या लेखात करायचा नाही. त्या वादानं उघड केलेला प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. अंगूरी कोणाची?

करारानुसार उत्तर सरळ आहे. पात्र निर्मितीसंस्थेचं, अभिनेत्री बदलता येते. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलाकाराला आपल्या सादरीकरणाबाबत नैतिक हक्क मिळाले, व्यापारी वापरातून वाटा मिळण्याची तरतूदही झाली. पण हे हक्क तिनं सादर केलेल्या मुद्रणापुरते. तिनं शोधलेली मान तिरकी करण्याची लकब, तिनं बसवलेला सूर, तिनं घातलेला विराम उद्या दुसरीनं वापरला तर त्याला कायद्यात नाव नाही. घर बांधणाऱ्या गवंड्याला त्या घरात राहण्याचा हक्क नसतो, तसंच हे. तरी गवंड्याला निदान घर कोणी बांधलं हे सांगता येतं.

शिल्पानं पुढची लढाई दुसऱ्या मैदानात केली. २०१७ मध्ये ती 'बिग बॉस'च्या अकराव्या पर्वात गेली. तिथे भांडणांपेक्षा जास्त वेळ ती स्वयंपाकघरात दिसली. बरोबरचे स्पर्धक तिला 'माँ' म्हणू लागले. १४ जानेवारी २०१८ रोजी हिना खानला मागे टाकून ती विजेती ठरली. जिच्या जागी सहज दुसरी आणता येते असं मानलं गेलं, तिला देशभरातल्या प्रेक्षकांनी तिच्या स्वतःच्या नावानं निवडून दिलं.

दुसऱ्यांदा तिच्याच जागी

आता शुभांगी अत्रे. हिच्या वाट्याला आलेलं काम शिल्पाच्या कामाइतकंच अवघड, काही बाबतींत जास्तच. शुभांगी इंदूरची. होळकरांच्या या राजधानीत पिढ्यान्पिढ्या मराठी कुटुंबं राहतात. तिथली मराठी हिंदीच्या मांडीला मांडी लावून वाढलेली. शुभांगीचं लग्न झालं, मुलगी झाली आणि त्यानंतर ती मुंबईत अभिनयाकडे आली. बहुतेकींची कारकीर्द जिथे थांबते तिथून तिची सुरू झाली. २००६ मध्ये 'कसौटी ज़िंदगी की'मध्ये छोटी भूमिका, २००७ मध्ये 'कस्तूरी'त थेट शीर्षक भूमिका, मग 'दो हंसों का जोड़ा'.

त्यानंतर 'चिडिया घर'. शिल्पानं ती मालिका सोडल्यावर कोयल झाली शुभांगीच. आणि २०१६ मध्ये अंगूरीसाठीही तिलाच विचारलं गेलं. एकाच अभिनेत्रीच्या जागी दोनदा उभं राहण्याची वेळ टीव्हीवर क्वचितच कुणावर आली असेल. पहिल्या वेळी प्रेक्षकांनी निमूट स्वीकारलं होतं. दुसऱ्या वेळी सगळा देश तुलना करायला बसला होता.

बदली अभिनेत्रीपुढे दोन वाटा असतात. हुबेहूब नक्कल करायची किंवा सगळं नव्यानं करायचं. नक्कल केली तर 'ती गोष्ट नाही' असं ऐकावं लागतं. नवं केलं तर 'ही आमची अंगूरी नाही' असं. शुभांगीनं सुरुवातीला शिल्पाच्या सुराच्या जवळ राहून प्रेक्षकाला धीर दिला आणि मग हळूहळू स्वतःचं आणलं. दोघींचे भाग ओळीनं पाहिले तर फरक जाणवतो. शिल्पाची अंगूरी संथ आहे, तिचा विराम मोठा आहे, ती जागेवर उभी राहून हसवते. शुभांगीची अंगूरी चपळ आहे, तिच्या बोलण्याला गाण्यासारखी उसळी आहे, ती हातवाऱ्यांनी आणि चालीनं हसवते. रुसवा दाखवताना शिल्पा चेहरा बंद करते, शुभांगी सगळं अंग फुगवते. पहिली घडवणारी म्हणून शिल्पाचा मान मोठा. पण एकाच भूमिकेत वर्षभर ताजं राहणं आणि जवळपास दहा वर्षं ताजं राहणं यातलं अंतर ज्यानं रोजचं काम केलं आहे त्याला कळेल. पूर्वीच्या संगीत नाटकांत एका नटाची गाजलेली भूमिका दुसरा उचलायचा आणि रसिक दोघांची तुलना चवीनं करायचे. टीव्हीवरच्या बाईला मात्र आपण 'खरी' आणि 'नकली' अशी लेबलं लावली.

या काळात मालिकेत माणसं येत-जात राहिली. सौम्या टंडननं २०२०मध्ये अनिता सोडली आणि २०२१मध्ये नेहा पेंडसे आली. मराठी प्रेक्षकांना ती आधीपासून ठाऊक होती. याच निर्मितीसंस्थेच्या 'मे आय कम इन मॅडम'मध्ये तिनं संजना ही बॉसची भूमिका गाजवली होती. जुलै २०२२ मध्ये मलखान करणारे दीपेश भान गेले. मार्च २०२५ मध्ये लेखक मनोज संतोषी गेले. ज्याच्यासोबत काल दृश्य केलं तो आज नाही आणि आज पुन्हा हसवायचं आहे, असे दिवस या सेटनं पाहिले. शुभांगीनं त्या सगळ्या काळात अंगूरीचा सूर ढळू दिला नाही.

बारा तास आणि नव्वद दिवस

टीव्हीवरची शिफ्ट बारा तासांची. भाग कमी पडू लागले की ती लांबते. मेकअप आणि केशभूषेचा वेळ, प्रवासाचा वेळ धरला तर घराबाहेरचा दिवस पंधरा तासांचा होतो. कलाकाराचा मोबदला काम झाल्यावर साधारण नव्वद दिवसांनी हाती यायचा, ही या धंद्यातली रुळलेली रीत. म्हणजे नव्या अभिनेत्रीनं आज काम सुरू केलं तर पहिले तीन महिने भाडं, गाडी, कपडे सगळं पदरच्या पैशानं. मालिका मधेच बंद पडली तर पुढचं पुढे. गाजलेल्या नायिकेला हे झेपतं. नायगावच्या भाड्याच्या खोलीत राहून छोट्या भूमिकांची वाट पाहणाऱ्या मुलीला झेपत नाही.

कोविडच्या काळात हे उघडं पडलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली ती थेट जूनअखेरीस हळूहळू सुरू झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आले तेव्हा अनेक मालिका राज्याबाहेर गेल्या. कलाकार आणि तंत्रज्ञ गेले. इथले सुतार, रंगारी, जेवण पुरवणारे, रिक्षावाले, किरकोळ भूमिका करणारे घरी बसले. मॉडर्न कॉलनीच्या जिवावर किती चुली पेटत होत्या हे तेव्हा समजलं.

आणि २४ डिसेंबर २०२२. वालीव परिसरातल्या एका मालिकेच्या सेटवर तुनिषा शर्मा ही अवघ्या वीस वर्षांची अभिनेत्री मृतावस्थेत सापडली. प्रकरण न्यायालयात गेलं. त्याच्या तपशिलात न शिरता एवढं नक्की म्हणता येतं की इतक्या कोवळ्या वयात इतके तास काम करणाऱ्या मुलींच्या मनाची विचारपूस करणारी व्यवस्था या सेटवर असायला हवी. एक समुपदेशक, एक डॉक्टर, एक तक्रार समिती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा चित्रीकरणाच्या सेटलाही लागू आहे, हे सेटवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

फेरा पूर्ण

२०२५ संपता संपता 'भाबीजी'चं नवं पर्व आलं आणि अंगूरीच्या भूमिकेत शिल्पा शिंदे परतली. दशकभरापूर्वी कडवट वादातून सोडलेल्या घरी, त्याच निर्मात्यांकडे. शुभांगी अत्रे मालिकेतून बाहेर पडली. समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडले. कुणाची अंगूरी खरी, यावर लोक भांडले. या भांडणात दोघींवरही अन्याय होतो. शिल्पा परतली कारण तिची निर्मिती कुणी विसरलं नव्हतं. आणि परतायला घर शिल्लक होतं ते शुभांगीनं इतकी वर्षं राखलं म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे. अंगूरी ही या दोघींची संयुक्त निर्मिती आहे आणि हिंदी टीव्हीवरच्या गेल्या दशकातल्या सर्वोत्तम विनोदी स्त्री-भूमिकांत तिचं स्थान वरचं आहे. रीमा लागू, सुप्रिया पिळगावकर, भारती आचरेकर यांनी आखलेल्या वाटेवरचा हा पुढचा मुक्काम आहे. मराठी अभिनयाचा इतिहास लिहिताना रंगभूमी आणि चित्रपट यांच्याबरोबर या कामाचं प्रकरण लिहिलं गेलं नाही तर तो इतिहास अपुरा राहील.

त्यासाठी आधी नोंदी हव्यात. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खासगी वाहिन्यांवरच्या मालिकांच्या सेटचे आराखडे, संवादांची पानं, वेशभूषा, कामगारांच्या आठवणी जपणारी तशी सार्वजनिक जागा नाही. सेट मोडला की प्लायवूड भंगारात जातं आणि पानं रद्दीत. वसई-विरारमध्ये महाविद्यालयं आहेत, जुनी वाचनालयं आहेत, महापालिका आहे, नाटकाची हौस असलेली मंडळी गावोगाव आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्याचा अभिमान आपण मिरवतो, मिरवायलाच हवा. त्याच तालुक्यात आज घडणाऱ्या कामाची नोंद ठेवणं हेही आपलंच काम आहे. महाविद्यालयांतल्या मराठी आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी नायगाव, जूचंद्र, वालीव, कामण इथल्या सेटवर काम केलेल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. मेकअपदादा, केशभूषा करणाऱ्या ताई, शिंपी, सुतार, किरकोळ भूमिका करणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबर नायिकाही. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि ही माणसं आज आपल्या शेजारी राहतात. हे काम याच वर्षी सुरू करावं, अशी वसई-विरारमधल्या प्रत्येक महाविद्यालयाला आणि वाचनालयाला माझी कळकळीची विनंती आहे.